बोटीची खालची बाजू

कॅनॉलला पाणी सुटलं की ते डोळ्यांना दिसायच्या आधी नाकाला कळतं. कोरड्या तळाला साठलेलं शेण, बाभळीच्या शेंगा, फाटक्या चपला, मेलेले बेडूक असं सगळं पुढं ढकलत पाण्याचं तोंड येतं. त्याला तपकिरी फेस असतो. त्याच्यापुढं उंदीर पळतात, विंचू पळतात आणि काठानं बगळे ऐटीत चालत एकेकाला उचलतात. पहिला तासभर हे पाणी म्हणजे नुसती घाण असते. तरी दर उन्हाळ्यात मी मागच्या दारात उभी राहून ते येताना बघते. पाटसला आमच्या परसातली शेवग्याची झाडं संपली की लगेच कॅनॉलचा भराव आहे, त्यामुळे लांब जावं लागत नाही. यंदाही पाणी सुटलं. मी हातातली परात तशीच धरून उभी राहिले आणि फेस पुढं निघून गेल्यावर आत आले.

लोकांना उन्हाळा म्हटलं की आंबे आठवतात. मला ग्रीस आठवतं. ग्रीस, ऑइलपेंट आणि ओल्या पांगाऱ्याच्या लाकडाचा आंबूस वास. दहावीची परीक्षा संपून निकाल लागायचा असतो तो मधला काळ, अंगावर काही काम नसलेला, घामट, लांबलचक. त्या एका उन्हाळ्यात मी माहेरी, न्हावऱ्याला, आमच्या गोठ्यामागं बसून एक मोटारबोट केली. खेळण्यातली म्हणाल तर मला अजून राग येतो. ती प्रमाणात केलेली प्रतिकृती होती.

वडील मी दुसरीत असताना गेले. त्यांचे थोरले भाऊ आप्पा, त्यांनी आम्हा मायलेकींना सांभाळलं. हे खरं आहे आणि ते मी कधी नाकारत नाही. पोटभर खायला घातलं, शाळेत घातलं, कधी हात उगारला नाही. आप्पांना हाताची गरजच पडायची नाही. त्यांची पद्धत वेगळी होती. कुणी काही मागितलं की ते नाही म्हणायचे नाहीत, ते अट घालायचे, आणि तीही चार माणसांच्या समोर.

एकदा आईला माहेरी जायचं होतं, निमोण्याला. मामाची तब्येत बरी नव्हती. गाठोडं बांधून ती ओट्यापाशी उभी राहिली. आप्पा तंबाखू मळत म्हणाले, "जा की. ती तांबडी कोंबडी एसटी यायच्या आत अंडं देती का बघ. दिलं तर जा." झालं, घरातले सगळे कोंबडीभोवती बसले. पोरं टाळ्या वाजवत होती, शेजारची बाई दाणे टाकत होती, आणि आई हातात गाठोडं घेऊन कोंबडीच्या तोंडाकडं बघत होती. एसटी आली आणि गेली. आईनं गाठोडं सोडलं आणि भाकरी थापायला बसली. गावात मात्र आप्पांचं नाव मोठं होतं, कारण अंडं पडलं असतं तर त्यांनी स्वतः तिला एसटीत बसवून दिलं असतं, यात कुणालाच शंका नव्हती. शब्दाला जागणारा माणूस, म्हणायचे लोक. मलाही तसंच वाटायचं.

आप्पांचा जीव माणसांपेक्षा पाण्यात होता. आमचे आजे-पणजे मेंढरांमागं हिंडले. उन्हाळा आला की पाणी जिथं असेल तिथं कळप न्यायचा, हेच त्यांचं आयुष्य. मग कॅनॉल आला, मेंढरं विकली, ऊस लावला. माणसानं पाण्यामागं जायचं सोडून पाणीच माणसाच्या दारी यायला लागलं, याचं आप्पांना म्हातारपणीही नवल वाटायचं. गावात पहिल्या पाण्याचा मान त्यांचा होता. पाण्याचं तोंड पुलाखाली आलं की आप्पा अनवाणी खाली उतरायचे, हळदीकुंकू वाहायचे, नारळ फोडायचे आणि ती फेसाळ घाण ओंजळीत घेऊन डोळ्यांना लावायचे. तेवढ्यापुरते त्यांचे डोळे भरायचे. आम्हा कुणासाठी ते भरलेले मी पाहिले नाहीत.

मधल्या एका दुष्काळात ते मुंबईला जाऊन गोदीत राबून आले होते. त्या दिवसांबद्दल विचारलं तर ढेकूण आणि जाड्या भाताखेरीज काही सांगायचे नाहीत.

बोटीचं वेड मला एका कॅलेंडरनं लावलं. शिरूरच्या एका बॅटरीच्या दुकानाचं कॅलेंडर होतं, त्यावर निळ्या समुद्रात एक पांढरी मोटारबोट, मागं फेसाची शेपटी. शाळेत विज्ञानाचे सर होते, त्यांना मी विचारलं, अशी करता येईल का? सर म्हणाले, "येईल की. पण प्रमाण सांभाळ. एक माप वाढवलंस तर सगळी वाढव." त्यांनी बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर आणून दिली. आणि जाता जाता, सहज सांगितल्यासारखं, हेही म्हणाले की मुलींनाही पॉलिटेक्निकला मेकॅनिकलला घेतात.

त्या वाक्यानं मला झोप लागेना.

कॅलेंडरवरची बोट मी पट्टीनं मोजली. चित्रातला एक सेंटिमीटर म्हणजे लाकडातले चार. पांगारा हलका म्हणून बांधावरचा वाळका ओंडका घेतला, वाकसानं तासला, पटाशीनं आतून कोरला. कोरताना एकदा पटाशी अंगठ्यात गेली, तर हळद दाबून पुन्हा बसले. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून पंखा केला, पकडीनं त्याची पाती पिळली. सायकलची तार हा दांडा. ती तार बोटीच्या आतून बाहेर पाण्यात न्यायची आणि पाणी मात्र आत येऊ द्यायचं नाही, ही मोठी अडचण होती. शेवटी रिकाम्या बॉलपेनच्या नळीत गच्च ग्रीस भरलं आणि त्यातून तार फिरवली. ती फिरली, आणि ग्रीस बाहेर आलं नाही. गोठ्यात म्हशीशिवाय कुणी नव्हतं, म्हणून मी म्हशीला मिठी मारली.

चित्रात बोटीला पाण्याची रेघ जिथं लागत होती, तिथं माझं लाकूड संपलं. तिथून मी ते रंधा मारून पाटासारखं सपाट केलं. रेघेच्या खाली काय असतं, हा प्रश्न मला पडला नाही. सरांना पडला नाही. येऊन बघून जाणाऱ्या अर्ध्या गावाला पडला नाही. पाण्यावर तरंगणारं वाहन म्हणून आम्ही एकच बघितलं होतं, काहील, म्हणजे गूळ आटवायची ती मोठी कढई. घोड नदीला पाणी असलं की तिच्यात बसून माणसं पलीकडं जायची, आणि काहिलीचं बूड सपाटच असतं. आमच्याकडं पाण्याचा तळ पायाला लागतो, तो डोळ्यांनी कशाला बघायचा?

पॉलिटेक्निकची गोष्ट मी घरी काढली तेव्हा आप्पा काही बोलले नाहीत. त्यांना माणसं लागायची. संध्याकाळी मी किटली घेऊन डेअरीवर गेले, तिथं रांगेत पंधरावीस जण होते, आणि आप्पा फळीवर बसलेले.

"आमची मंगी बोट करतीय," आप्पा सगळ्यांना म्हणाले. "न्हावऱ्यात बोट! मोटरची!"

"का वो आप्पा, मुंबईला न्यायची का तुम्हाला त्यातनं?" कुणीतरी म्हणालं.

"तिला शिकाय जायाचंय. इंजनेर व्हायाचंय." हशा होऊ दिला त्यांनी, पुरता. मग हात वर केला. "मी आडवा येणारा न्हाई. ऐका समद्यांनी. क्यानलला पानी आलं की हिची बोट सोडायची. पुलापासनं खालच्या मोरीपस्तोर चालली, तर मंगी शिकाय जाईल, म्या सवता नेऊन सोडीन. बुडाली, तर पाटसचं स्थळ आलंय, त्येला हो म्हनायचं. हाय का कबूल?"

विचारलं मला नव्हतं, डेअरीला होतं. डेअरी म्हणाली, "कबूल!"

मीही म्हणाले. आनंदानं म्हणाले, हे आज कुणाला खरं वाटणार नाही. पण मला आईची कोंबडी आठवत होती. कोंबडीचं पोट आईच्या हातात नव्हतं, बोट माझ्या हातात होती. मला वाटलं, आप्पांनी मला इतरांपेक्षा बरी अट घातली.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "नीट कर गं बाई." त्यानंतर ती रोज माझ्या वाटणीची धुणीभांडी न बोलता उरकायला लागली.

पाणी यायच्या आदल्या आठवड्यात मी बोट म्हशींच्या हौदात सोडली. पांढरा रंग दिलेला, वर टपावर सेल बसवलेले, मागं पत्र्याचं सुकाणू. बटण दाबलं. ती गुरगुरली, थरथरली आणि शेवाळ कापत या कडेपासून त्या कडेपर्यंत सरळ गेली. मागं खरोखर फेसाची शेपटी होती, एवढीशी. आई दारातून बघत होती, तिनं पदरानं डोळे पुसले. मला त्या क्षणी सगळं दिसलं, पॉलिटेक्निक, वह्या, लेथ मशीन, सगळं.

आप्पा बाजेवर पडून होते. मी ओली बोट घेऊन त्यांच्याकडं गेले. म्हटलं, "आप्पा, तुम्ही गोदीत बोटी बघितल्यात. बरोबर हाय का ही? काय ऱ्हायलंय का?"

ते उठून बसले. बोट त्यांनी दोन्ही हातांत घेतली, उलटी केली आणि खालच्या सपाट लाकडावरून तळहात फिरवला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, हळूच, गाभण शेळीच्या पोटावरून फिरवावा तसा. मग परत दिली.

"लई झ्याक केलीस," म्हणाले.

आप्पांनी कुणाचं कौतुक केलेलं मी ऐकलं नव्हतं. तो दिवसभर मी जमिनीवर नव्हते. सोळावं पुरं न झालेली मुलगी किती लवकर विश्वास ठेवते, हे आठवलं की मला तिला दोन थोबाडीत द्याव्याशा वाटतात.

पाणी आलं. आप्पांनी नारळ फोडला, डोळे भरून घेतले. दुसऱ्या दिवशी कॅनॉल काठोकाठ झाला, पाणी निवळलं, आणि ऊन कलल्यावर बोट सोडायला सगळं गाव भरावावर जमलं. बायका एका बाजूला, बाप्ये एका बाजूला. सर स्कूटर लावून उभे होते. मी पुलाखालच्या पायरीवर उतरले, बटण दाबलं आणि हात सोडला.

ती चालली. खोटं नाही सांगत, चालली. पोरं ओरडायला लागली. पुलाच्या सावलीतून उन्हात गेली तेव्हा पांढरी लखलखली. आणि मग प्रवाहानं तिचं तोंड आडवं केलं. सुकाणू सरळ होतं, पंखा फिरत होता, पण बोट पाण्याला धरतच नव्हती. तेलकट तव्यावर लोण्याचा गोळा सरकावा तशी ती बाजूला सरकत गेली, काठाच्या दगडाला टेकली, वरच्या सेलांच्या वजनानं कलली आणि उलटी झाली. माझं गुळगुळीत, पाटासारखं बूड वर आलं. पंखा हवेत फिरत राहिला. तो आवाज मला अजून ओळखता येतो. पाण्यात फिरणाऱ्या पंख्याचा जाड असतो, हवेत फिरणाऱ्याचा बारीक, माशीसारखा.

मी भरावावरून पळत सुटले. मागून आप्पांचा आवाज आला, "आगं जाऊ दे तिला! मंगीच्या आदी तिची बोट नांदाय निघाली!"

अख्खा भराव हसला. मी वळून बघितलं ते आईकडं. आईही हसत होती. तोंडात पदर कोंबून, डोळे आप्पांकडं लावून, सगळ्या बायकांच्या बरोबरीनं. हसली नसती तर तिला त्या घरात दुसऱ्या दिवशी भाकरी गोड लागली नसती, हे मला आज समजतं. तेव्हा मी पळायची थांबले, ती बोट मोरीत गेली म्हणून नव्हे, आई हसली म्हणून. सरांनी स्कूटरला किक मारली आणि शिरूरच्या रस्त्याला लागले. त्यांचा तरी काय दोष होता?

आवर्तनाचं पाणी बंद व्हायच्या आत मला हळद लागली. लग्नात जेवणावळीसाठी पाण्याचा टँकर आप्पांनी त्याच कॅनॉलवरून भरून आणला. दहावीचा निकाल मला पाटसला, सासूच्या चुलीपुढं कळला. विज्ञानात शाळेत पहिली होते. सासू म्हणाली, "बरं झालं," आणि उकळतं दूध माझ्याकडं सरकवलं.

नवरा वाईट नाही. साखर कारखान्यात नोकरी आहे, हंगामात त्याच्या अंगाला मळीचा वास येतो, बोलायला शांत आहे. घरातली पाण्याची मोटर बिघडली की मीच खोलते, तो टॉर्च धरतो. यालाही लोक संसार म्हणतात आणि मीही म्हणते. वर्षं गेली. आई गेली. बोट करताना मी काय चुकले, हा विचार मात्र गेला नाही. भाजी चिरताना, कपडे पिळताना मी ती बोट पुन्हा पुन्हा सोडायची. सेल वर ठेवले म्हणून? पंखा लहान पडला? ग्रीस कमी झालं? दर वेळी ती उलटी व्हायची, आणि दर वेळी मी म्हणायचे, चूक माझी होती, आप्पांची अट सरळ होती.

दोन वर्षांमागं आप्पा न्हाणीत घसरून पडले, खुबा मोडला. दौंडच्या दवाखान्यात त्यांचे दोन्ही मुलगे व्हरांड्यात उभं राहून भांडत होते. दोघांचे शिरूरला बंगले, पण बापाची बाज टाकायला कुणाकडं खोली नव्हती. मी म्हणाले, मी नेते. खरंच सांगते, तेव्हा माझ्या मनात काही नव्हतं. वाढवलं होतं त्यांनी मला.

जीपमध्ये मागच्या सीटवर त्यांना आडवं करून, डोकं माझ्या मांडीवर घेऊन आम्ही पाटसला निघालो. वाटेत रेल्वेचं गेट पडलं. आमच्या पुढं एक ट्रेलर थांबला होता, त्यावर लोखंडी बोट. भीमेतली वाळू उपसायला तेव्हा असल्या बोटी यायला लागल्या होत्या. बोट लाकडाच्या ओंडक्यांवर उचलून ठेवली होती, त्यामुळं तिचं बूड आमच्या डोळ्यांसमोर होतं. मी आयुष्यात पहिल्यांदा बोटीचं बूड बघत होते. ते सपाट नव्हतं. मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत, एक उभी पट्टी होती, खाली उतरलेली, नांगराच्या फाळासारखी.

आप्पांनी मान उचलली. कान गेले होते, डोळे शाबूत होते.

"ती बघ," म्हणाले. "ती उभी फळी हाय ना, ती पान्याला धरती. तुझ्या बोटीला ती न्हवती."

मी त्यांच्या कानाशी वाकले. "तुम्हाला ठावं हुतं?"

"गोदीत दुसरं काय केलं म्या? बोटी वर घ्यायच्या आन् आमी खाली उताणं पडून त्या फळ्यांचं शिंपलं खरवडायचं. वरनं बोट कशी दिसती ती म्या कवा बघितलीच न्हाई. बूड मातर हाताला पाठ हाय."

"मग तवा का न्हाई सांगितलं? मी इचारलं हुतं, आप्पा."

ते माझ्याकडं नवल वाटल्यासारखं बघत राहिले. मग हसले, अगदी डेअरीवर हसायचे तसे.

"आगं, सांगितलं असतं तर चालली असती की ती!"

रेल्वे गेली. गेट उघडलं. ट्रेलर भीमेकडं वळला आणि आम्ही घरी आलो. मी त्यांना आतल्या खोलीत, कडेच्या भिंतीशी बाज टाकून दिली. उशी झटकली, दूध दिलं.

तेव्हापासून मी त्यांचं सगळं करते. न्हाऊ घालते, घास भरवते, पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून रोज कुशीवर करून पावडर लावते. आळीतल्या बायका तोंडावर म्हणतात, पोटच्या पोरांनी केलं नाही ते पुतणीनं केलं. मी मान खाली घालते. आप्पांना ऐकायला अगदीच कमी येतं. कानाला तोंड लावून बोलावं लागतं, आणि ते फक्त मीच बोलते. त्यांना कशाची हाव उरलेली नाही. मुलांचं नाव काढत नाहीत. एकच मागणं आहे. उन्हाळा लागला की मला नारळ आणायला लावतात, तो उशाशी ठेवतात. पाणी सुटलं की खुर्चीत घालून मागच्या दाराशी ने, डोळ्यांना पाणी लाव, एवढंच. नारळ रोज सकाळी हातात घेऊन हलवतात. आवाज कानाला येत नाही, पण आतलं पाणी हिंदकळलेलं हाताला कळतं.

मागच्या उन्हाळ्यात नारळ आतून वाळून गेला. त्यांनी तो माझ्याकडं दिला आणि म्हणाले, "औंदा आलंच न्हाई का गं पानी? असं कवा झालं न्हवतं." त्या दिवशी मागं कॅनॉल भरून वाहत होता, पोरं उड्या मारत होती.

यंदा नवा नारळ आहे. पाणी सुटून आठवडा झाला. मागची खिडकी मी डास येतात म्हणून लावून घेतली आहे, पण वास कुठून तरी आत येतोच. आज सकाळी त्यांना कुशीवर केलं तेव्हा त्यांनी नाक वर केलं.

"मंगे, वास येतोय. पानी सुटलं का गं?"

हाडकुळी, सपाट पाठ माझ्यासमोर होती. मी तिच्यावरून तळहात फिरवला. एकदा या टोकाकडून, एकदा त्या टोकाकडून, हळूच. मग त्यांच्या कानाशी वाकले.

"न्हाई आप्पा," म्हटलं. "गटाराचा हाय."